हजार विड्यांचा हात

विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर ठरते. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात दुपारी कुठल्याही उंबऱ्याशी पाहा. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं. पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठ्यानं वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. एका विडीला पाच हालचाली धरल्या तरी हजार विड्यांना पाच हजार होतात.

हा आकडा ध्यानात ठेवा, कारण त्याच्या शेजारी मला दुसरा आकडा मांडायचा आहे. कॅथरीन लँग या संशोधिकेच्या गटानं उत्तर अमेरिकेतल्या पक्षाघाताच्या रुग्णांच्या ३१२ व्यायामसत्रांना हजर राहून एकच काम केलं, हालचाली मोजल्या. २००९ साली त्यांनी निष्कर्ष छापला. हाताच्या कामाचा सराव ज्या सत्रांत झाला, त्यांत काहीतरी उचलणं, ठेवणं, धरणं अशा उपयोगी हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल घडतो, त्यांत अशा हालचाली दिवसाला चारशे ते सहाशे असतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन व्यायाम देते. तो ३२ वाचला तेव्हा मला स्वतःची सत्रं आठवली आणि वाईट वाटलं. हातपाय चोळणं, सांधे फिरवून देणं, घरच्यांशी बोलणं यात पाऊण तास जातो. रुग्णानं स्वतः केलेली हालचाल किती, हे मी तोवर कधी मोजलंच नव्हतं.

पक्षाघात झाला की आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं’. हाताच्या स्नायूंना मात्र काहीच झालेलं नसतं. मेंदूची एखादी रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते किंवा फुटते. बहुतेक वेळा कारण गुठळीचंच असतं. रक्तपुरवठा तुटला की हाताला हुकूम देणारा मेंदूचा तुकडा मरतो, डावीकडचा असेल तर उजवा हात लुळा पडतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. पारव्याचं रक्त चोळण्यात ते तास गेलेले मी पाहिले आहेत. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, की थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

मेलेला भाग परत येत नाही. मग हात सुधारतो तो कशानं? १९९६ साली रँडॉल्फ नूडो यांनी लहान जातीच्या माकडांवर केलेल्या प्रयोगातून याचं फार मोलाचं उत्तर मिळालं. मेंदूवर हाताचा एक नकाशा असतो. त्याचा छोटा तुकडा निकामी केल्यावर ज्या माकडांना काही सराव दिला नाही, त्यांच्यात शेजारचा न दुखावलेला हाताचा भागसुद्धा आक्रसला. ज्यांना बारीक खळग्यांतून खाऊचे दाणे काढायला लावलं, त्यांच्यात तो भाग टिकला. काहींमध्ये तर तो कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरला. रान पडीक राहिलं की शेजारी बांध कोरत येतो आणि कसणारा स्वतःच हद्द पुढे सरकवतो, मेंदूतही तसंच चालतं. म्हणून पडून राहिलेला हात आहे तिथे थांबत नाही, आणखी मागे जातो.

एडवर्ड टॉब यांनी याचीच दुसरी बाजू दाखवली. सुरुवातीला हात हलत नाही, प्रयत्न फसतो, मग माणूस चांगल्या हातानं सगळं उरकायला शिकतो. पुढे मेंदू सावरतो, हाताला थोडं येऊ लागतं, पण ‘हा हात आपला नाही’ ही शिकवण पक्की झालेली असते. टॉब यांचा इलाज सरळ होता. चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवायचा आणि आजारी हाताला काम करायला भाग पाडायचं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२२ रुग्ण होते, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ त्यांच्या चांगल्या हातावर हातमोजा होता. हात स्पष्ट सुधारला आणि फायदा वर्षभरानंतरही दिसत राहिला. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असतील, तरच हा उपाय करता येतो. चालताना तोल जाणाऱ्याला असा हातमोजा घालून फिरू देणं धोक्याचं आहे.

आमच्या घरांत नेमकं याच्या उलट घडतं, आणि तेही मायेपोटी. माझ्या एक पेशंट आहेत, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातल्या, चाळीस वर्षं विड्या वळलेल्या. सगळे त्यांना अम्मा म्हणतात. पहिल्या दिवशी गेले तेव्हा सून भाकरी कुस्करून त्यांना भरवत होती. मी म्हटलं, “घास त्यांच्या हातात द्या.” सून म्हणाली, “मॅडम, सांडतंय की सगळं. आणि लोक काय म्हणतील, सासूला वाढत पण नाही?” हा प्रश्न कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण सोलापुरात सगळ्यात आधी तोच सोडवावा लागतो. मी त्यांना एवढंच सांगितलं की अम्मांचं सांडणं हेच आत्ता औषध आहे.

घरच्यांवर सगळं सोपवून भागतं, असं मात्र नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१७ साली आले. घरच्या एका माणसाला व्यायाम शिकवून रुग्णाला घरी पाठवायचं, अशी योजना होती. सहा महिन्यांनी पाहिलं तर शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण ४७ टक्केच. हा निकाल मला फार लागला. माझं मत असं, की दोन-चार दिवसांच्या शिकवणीवर घरात पुरेसा सराव होत नाही. आठवड्यातून एकदा तरी जाणकारानं येऊन व्यायाम बदलायला हवा, अवघड करायला हवा.

घाईही चालत नाही. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला उठवून वारंवार, जास्त वेळ चालवण्याची चाचणी २१०४ रुग्णांवर झाली. २०१५ च्या निकालात अशांची तीन महिन्यांनंतरची अवस्था नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडी वाईटच निघाली. सुरुवातीला थोडा थोडा वेळ, पण पुन्हा पुन्हा, हे बरं. जोर धरायचा तो पुढच्या आठवड्यांत. पहिले तीन महिने सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो, आणि नेमके तेच दिवस ‘जरा ताकद येऊ दे, मग बघू’ म्हणत निघून जातात.

दोन गोष्टी हात जोडून सांगते. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, तो निखळतो आणि मग दुखण्यानं व्यायामच बंद पडतो. दुसरं, रबरी चेंडू. प्रत्येक घरात तो आणून दिलेला असतो. पण मूठ मिटणं आधी येतं, उघडणं उशिरा. चेंडू दाबून मिटण्याचाच सराव होतो, उघडण्याचा होत नाही. पेला धरायचा तर आधी बोटं पसरावी लागतात. त्यापेक्षा टेबलावर उलटी ठेवलेली वाटी हातानं पुढे सरकवायला लावा.

अम्मांना मी वाट्या दिल्या, मण्यांचा डबा दिला. त्या करायच्या आणि पाच मिनिटांत कंटाळायच्या. मग एक दिवस मुलाला सूप आणायला सांगितलं. तंबाखू नाही, कातरही नाही, नुसती कातरून भिजवलेली पानं. लुळ्या उजव्या हातानं पान उचलायचं आणि डाव्याच्या मदतीनं गुंडाळायचं. पहिल्या दिवशी अकरा पानं झाली, सगळी वाकडीतिकडी. पण अम्मा सूप खाली ठेवू देईनात. सराव ओळखीच्या, अर्थाच्या कामाचा असला की तो टिकतो, हे मी वाचलेलं होतं. ते डोळ्यांनी त्या दिवशी दिसलं.

त्यांची वाचाही गेलेली आहे. नातवाचं नाव येत नाही, पाणी मागता येत नाही. पण अशा रुग्णांत पाठ झालेल्या गोष्टी, आकडे, आरत्या, कित्येकदा शाबूत राहतात. पानं वळता वळता एका सकाळी त्या स्वतःहून मोजायला लागल्या, “ओकटी, रेंडू, मूडू…” सून स्वयंपाकघरातून पीठाच्या हातानंच धावत आली.

आता वहीत रोजचा आकडा मुलगा लिहितो. काल सकाळी १४०, संध्याकाळी ९०. अंगठा अजून पुरता वळत नाही, टोक दुमडणं डावा हातच करतो. पुढच्या आठवड्यापासून दोऱ्याला सुरुवात करणार आहोत.