खंदकातला विषारी वायू: नाकाला कळलेला आणि न कळलेला

पहिलं महायुद्ध चालू होतं. बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या उत्तरेला २२ एप्रिल १९१५ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास वारा जर्मन सैन्याला हवा तसा वळला. ते कित्येक दिवस त्याचीच वाट बघत होते. पुढच्या फळीत पुरून ठेवलेल्या हजारो सिलिंडरांच्या तोट्या उघडल्या गेल्या आणि दीडशे टनांहून अधिक क्लोरीन काही किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात सुटला. समोरच्या खंदकांत फ्रेंच सैन्याच्या पलटणी होत्या, त्यात अल्जीरियातून आणलेले सैनिकही होते. जमिनीलगत सरकत येणारा हिरवट-पिवळा ढग बघून काहींना वाटलं, हा धुराचा पडदा आहे, मागोमाग हल्ला येणार. ते बंदुका सरसावून जागेवरच थांबले. काही क्षणांत ढग खंदकात उतरला.

क्लोरीनचा वास आपल्या ओळखीचा आहे. ब्लीचिंग पावडरचा डबा उघडला की नाकात जातो तोच. पण विहिरीच्या पाण्यात टाकायची चिमूटभर पूड वेगळी आणि हवेत हजारात एक भाग क्लोरीन वेगळा. अशा हवेत काही मिनिटं काढली तरी मृत्यू येऊ शकतो.

हा वायू हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड असतो. तो वर चढत नाही, उताराकडे वाहतो आणि खोलगट जागी साचतो. गोळ्या चुकवायला खणलेला खंदक त्याच्यासाठी आयताच मिळाला. जे खाली बसले, ज्या जखमींना स्ट्रेचरवर आडवं ठेवलं होतं, त्यांच्या वाट्याला सगळ्यात दाट वायू आला. जे खंदकातल्या पायरीवर उभे राहून गोळीबार करत राहिले, त्यांना त्या मानाने कमी त्रास झाला. पळालेल्यांचं दुहेरी नुकसान झालं. वारा त्यांच्याच दिशेने वाहत असल्याने ढग त्यांच्यासोबत चालत राहिला आणि धावताना माणूस स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कैक पटींनी जास्त हवा आत ओढतो. जागेवर उभं राहिलं तर ढग लवकर पुढे निघून जातो, हे नंतर सगळ्या सैनिकांना घोटून घोटून शिकवलं गेलं. पण ज्याचा श्वास अडकलाय त्याचं सगळं शरीर एकच सांगत असतं, पळ. त्या माणसाला भित्रा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

एखादा दाहक वायू शरीरात नेमकी कुठे इजा करणार, हे बऱ्याच अंशी तो पाण्यात किती विरघळतो यावर ठरतं. नाक, घसा, श्वासनलिका यांचं अस्तर कायम ओलं असतं. अमोनियासारखा झटकन विरघळणारा वायू तिथेच अडतो. डोळ्यांतून पाणी येतं, ठसका लागतो आणि माणूस विचार करण्याआधीच मागे सरतो. क्लोरीन बेताचाच विरघळतो. त्यामुळे तो वरचा मार्गही जाळतो आणि खाली फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंतही पोचतो. ओल्या अस्तरात त्याची हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस ही आम्लं बनतात आणि पेशी पोळून निघतात.

वायुकोशाची भिंत एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते, कारण तिच्यातून प्राणवायूला रक्तात जायचं असतं. ती भाजली की केशवाहिन्यांतला द्रव उलटा वायुकोशांत झिरपायला लागतो. जिथे हवा असायला हवी तिथे पाणी साचतं. फ्रान्समधल्या लष्करी इस्पितळांत डॉक्टरांनी पाहिलं ते हे: जांभळे-निळे पडलेले ओठ आणि कान, आडवं पडवत नाही म्हणून उठून बसायची धडपड, तोंडाला येणारा पिवळसर फेस. या रुग्णांची शुद्ध बराच वेळ शाबूत असे. स्वतःच्याच शरीरातल्या द्रवात आपण बुडतोय, हे त्यांना कळत असे.

या लढाईत भारतीय सैनिकही होते. पहिल्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, लाहोर डिव्हिजनला ईप्रजवळ प्रतिहल्ल्यासाठी उघड्या शेतातून पुढे पाठवलं गेलं. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या याच डिव्हिजनमध्ये युरोपात गेल्या होत्या. सैनिक जर्मन फळीच्या जवळ पोचत असतानाच समोरून वायू सोडला गेला. मुखवटा असा कुणाकडे नव्हताच. ज्यांना जमलं त्यांनी फेट्याचं टोक किंवा रुमाल ओला करून तोंडावर धरला.

जमादार मीर दस्त त्या हल्ल्यात होते. जमादार हा तेव्हाच्या भारतीय सैन्यातला कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा. अधिकारी पडल्यावर त्यांनी विखुरलेल्या माणसांना गोळा करून जागा धरून ठेवली, अंधार पडल्यावर आठ जखमी अधिकाऱ्यांना गोळीबारातून मागे आणायला मदत केली आणि त्यात स्वतः जखमी झाले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये, जिथे भारतीय जखमींचं इस्पितळ होतं, तिथे ऑगस्ट १९१५ मध्ये राजा पाचव्या जॉर्जने ते त्यांच्या छातीवर लावलं. इस्पितळातून पाठवलेल्या त्यांच्या पत्राचा आशय मात्र असा, की पदक फार मोठं आहे, पण या गॅसने मला चैन पडू दिलेलं नाही, त्याने मला संपवलंच आहे.

ओल्या रुमालाचा उपाय वेडगळ नव्हता. पाण्यात थोडा क्लोरीन अडतो. पाणी नसेल तर लघवीने कापड भिजवा, असंही सैनिकांना सांगितलं गेलं आणि त्यामागेही रसायनशास्त्र होतं: लघवीतला युरिया आणि अमोनिया क्लोरीनशी संयोग पावतात. किळस वाटली तरी बऱ्याच जणांचे प्राण त्याने वाचले असणार. थोड्याच आठवड्यांत हायपोच्या द्रावणात बुडवलेल्या कापसाच्या पट्ट्या आल्या. हायपो म्हणजे फोटोग्राफर फिल्म धुताना वापरत तेच सोडियम थायोसल्फेट. ते क्लोरीनला निरुपद्रवी क्लोराइडमध्ये बदलून टाकतं.

कोणती पट्टी किती टिकते हे तपासायला जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनाचे अभ्यासक फ्रान्समध्ये गेले. काचेच्या भिंतींच्या खोलीत क्लोरीन सोडून ते आणि त्यांचे सहकारी स्वतःच आत बसत आणि हाताने चाक फिरवत, म्हणजे दम लागल्यावर मुखवट्याचं काय होतं ते कळावं. या चमूत त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेनही होता. पुढे थोर आनुवंशिकशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेले हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. वडिलांनी वायुबाधित सैनिकांसाठी मोजून प्राणवायू देणारा मास्क तयार केला. तोवर प्राणवायू रुग्णाच्या तोंडाजवळ नुसता सोडला जाई आणि बराचसा वाया जाई. कोविडच्या काळात आपण वॉर्डावॉर्डांत जी ऑक्सिजन-उपचाराची पद्धत पाहिली, तिची एक पायरी या खंदकांत आहे.

क्लोरीनचं एक बरं होतं: तो दिसत होता आणि नाकाला लगेच कळत होता. १९ डिसेंबर १९१५ ला ईप्रजवळच जर्मनांनी ब्रिटिश फळीवर क्लोरीनसोबत फॉस्जीन सोडला आणि ही सोयही गेली. फॉस्जीन बिनरंगी असतो, त्याला भिजून कुबट झालेल्या गवतासारखा सौम्य वास येतो. मुख्य म्हणजे तो ओल्या अस्तरात फारसा विरघळत नाही. नाक-घसा त्याला अडवत नाहीत, म्हणून ठसकाही जेमतेमच लागतो. तो थेट वायुकोशांत जाऊन तिथल्या प्रथिनांवर हल्ला करतो. सैनिकाला थोडं खोकल्यासारखं होई, मग बरं वाटे. तो जेवे, गप्पा मारी, पहाऱ्याची पाळी करी. तेवढ्या तासांत भिंती गळायला लागलेल्या असत. दुसऱ्या दिवशी जरा ओझं उचललं की तो कोसळे.

डॉक्टरांनी म्हणून नियम केला: फॉस्जीनची शंका असलेला माणूस कितीही ठणठणीत दिसो, त्याला चालू द्यायचं नाही, स्ट्रेचरवरच न्यायचं. सैनिकांनी स्वतःची एक खूणही शोधली होती. फॉस्जीन लागलेल्याला सिगारेटची चव घाण लागते. कुणी झुरका घेऊन सिगारेट फेकून दिली की शेजारचे सावध होत. पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूच्या बळींपैकी बहुतेक फॉस्जीन आणि त्याच्या भावंडांच्या खात्यावर मांडले जातात.

हा वायू युद्धाबरोबर संपला नाही. प्लास्टिक आणि कीटकनाशकांच्या उद्योगात तो आजही लागतो. भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट तयार करायला फॉस्जीनच वापरत. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री मिथाइल आयसोसायनेटचा जड वायू वस्तीत शिरला, तेव्हा लोक वाऱ्याच्या दिशेने धावत सुटले. ओलं फडकं तोंडावर धरा, वाऱ्याला आडवे चला, हे सांगायला कुणी आलं नाही. ईप्रला हा धडा सत्तर वर्षांपूर्वी शिकून झाला होता, याचा मला आजही संताप येतो.

जुलै १९१७ मध्ये पुन्हा ईप्रलाच मस्टर्ड गॅस आला. नावात गॅस असला तरी तो तेलकट द्रव आहे. तोफगोळ्यातून त्याचे थेंब उडत, मातीत मुरत आणि थंडीत कित्येक दिवस तिथेच राहत. लसूण-मोहरीसारखा पुसट वास येई, तोही नाकाला लगेच सरावाचा होई. त्वचेला लागताना काहीच जाणवत नसे. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होई, पापण्या सुजून मिटत आणि काखेत, जांघेत, जिथे जिथे घाम असतो तिथे मोठमोठे फोड येत. चिखलाने माखलेला एक कोट उबदार खोलीत आणला तर खोलीतले बाकीचेही भाजत. दृष्टी बहुतेकांची परत येई, पण तोवर पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून एकामागून एक चालत जावं लागे. हे रसायन पेशीतल्या डीएनएला चिकटून त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. त्यामुळे झपाट्याने विभाजन होणाऱ्या पेशी आधी मरतात. बाधित सैनिकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी घटल्याची नोंद १९१९ मध्येच झाली. त्याच धाग्याने १९४२ मध्ये येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड हे जवळचं रसायन लसिकापेशींच्या कर्करोगावर वापरून पाहिलं गेलं. केमोथेरपीची सुरुवात इथे आहे.

मुखवटेही सुधारत गेले. १९१६ पासून ब्रिटिश सैनिकाच्या छातीवर एक डबा लटकू लागला, त्यात कोळशाचे दाणे आणि सोडा लाइम, म्हणजे कॉस्टिक सोडा मिसळलेला चुना. साधा कोळसा वाफेत तापवला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो आणि विषाचे रेणू त्याला चिकटून राहतात. यासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम, कारण तो टणक असतो आणि त्याची छिद्रं फार बारीक असतात. करवंट्या पुरेनात तेव्हा अमेरिकेत १९१८ मध्ये पीच फळाच्या बिया लोकांकडून गोळा केल्या गेल्या. आज आपल्या घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये बहुधा हाच करवंटीचा कोळसा असतो.

पण हा मुखवटा घालून जगणं म्हणजे काय, याची कल्पना करा. नाकाला चिमटा, दातांत रबरी तुकडा, श्वास फक्त तोंडाने. लाळ हनुवटीवरून गळते, काचांवर वाफ धरते, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तोफगोळ्याची रिकामी पितळी नळकांडी ठोकून गॅसचा इशारा देत. रात्री चार वेळा ती वाजली की चार वेळा हे चढवायचं. वायूच्या नुसत्या भीतीने छाती आवळून इस्पितळात येणारे सैनिकही कमी नव्हते. त्यांना सरसकट ढोंगी ठरवणं चूक होतं: श्वास घ्यायचीच धास्ती बसली की छाती खरोखर आवळते.

एकूण सुमारे तेरा लाख माणसं या युद्धात वायूने बाधित झाली आणि नव्वद हजारांच्या आसपास मेली, असा अंदाज आहे. म्हणजे बहुसंख्य जगले. हिवाळा आला की खोकला, जिना चढताना धाप, रात्री उठून बसणं, हे घेऊन जगले. तुटलेला पाय पेन्शन ठरवणाऱ्यांना दिसतो, जळलेली श्वासनलिका दिसत नाही. छाती वरवर तपासून पुष्कळांची तक्रार साध्या ब्राँकायटिसवर भागवली गेली.

इराण-इराक युद्धात मस्टर्ड गॅस पुन्हा वापरला गेला. इराणच्या सरदश्त शहरावर १९८७ मध्ये इराकी विमानांनी त्याचे बॉम्ब टाकले. त्यातून वाचलेल्यांना वर्षानुवर्षं धाप लागत होती, पण छातीचे एक्स-रे जवळपास स्वच्छ येत. इराणी डॉक्टरांनी फुफ्फुसाचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दिसलं की सगळ्यात बारीक श्वासनलिका आतून व्रण धरून बुजत चालल्या आहेत. त्या इतक्या बारीक असतात की एक्स-रेत उमटत नाहीत.