टबातल्या विटेखाली जळू आहे की प्लॅनेरिया?

कमळाच्या टबातली वीट उलटली की खाली तपकिरी, चपटं, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचं काहीतरी चिकटलेलं दिसतं आणि घरातलं कोणीतरी ‘जळू!’ म्हणून ओरडतं. कित्येकदा तो प्लॅनेरिया असतो, म्हणजे चपट्या कृमींपैकी एक. जळू वलयी प्राण्यांच्या संघातली, गांडुळाची नातलग. रंग-आकारावरून ओळखायला गेलात तर फसाल, कारण आकसून बसलेले दोघेही सारखेच दिसतात. तो प्राणी विटेला धरतो कसा, ते बघा.

जळूला दोन टोकांना दोन चूषक, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, असतात. मागचा टेकवून ती अंग ताणते, पुढचा रोवते, मग मागचा ओढून घेते. सैल गाळात चूषकाला पकड मिळत नाही. काच, फरशी, पीव्हीसी पाइप, सिमेंटची भिंत यांवर ती घट्ट बसते. म्हणून गाळाच्या तळ्यात पडलेला फरशीचा तुकडा तिला आयताच मिळालेला आसरा, त्यातही खालची, उजेड न पोचणारी बाजू.

प्लॅनेरियाच्या अंगावर वळ्या नाहीत. पोटाखालच्या सूक्ष्म केसांच्या जोरावर, स्वतःच सोडलेल्या चिकट थरावरून तो एकसंध सरकतो. डोकं बहुधा तिकोनी आणि त्यावरचे दोन डोळे चक्क चकणे; भिंगातून बघितलं तर हसू येतं. तोंड मात्र पोटाच्या मध्यावर. त्याला ब्लेडने खरवडू नका, तुकड्यांतून नवे प्राणी उभे राहतात. जळूला ही कला साधलेली नाही.

पाण्यात वाहत जाणारी वेगळी अळी-अवस्था यांपैकी कोणालाच नसते. म्हणजे टबात ते आले ते बहुधा बाजारातून आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर. ‘बार्ब्रोनिया वेबरी’ ही मूळची आशियातली जळू याच वाटेने युरोप-अमेरिकेपर्यंत पोचली आहे. ती रक्त पीत नाही. बारीक कृमी आणि कीटकांच्या अळ्या गिळते. कोऱ्या फरशीवर आधी जिवाणू-शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो, त्यावर अळ्या-गोगलगायी येतात आणि त्यांना खायला जळवा. माशांना भसाभस खाणं घालणारा माणूस या सगळ्या रांगेलाच पोसत असतो.

प्राणी दिसला नाही तरी त्याच्या अंड्यांचे कोश दिसतात, आणि माझ्या मते खात्रीची खूण तीच. बार्ब्रोनियासारख्या जळवांचे कोश चपटे, लांबट गोल, पृष्ठभागाला सपाट डकवलेले. प्लॅनेरियाच्या काही सामान्य जातींचा कोश म्हणजे मोहरीच्या दाण्यासारखी गडद गोळी, तीही बारीक देठावर. काही छोट्या जळवा तर अंडी कुठेच न डकवता पोटाखाली घेऊन फिरतात. उलटी केली की पिल्लं लोंबताना दिसतात.

राहिली रक्त पिणारी गुरांची जळू, ‘हिरुडिनारिया’. तिला तीन जबडे असतात आणि कोश घालायला ती पाण्याबाहेर, काठच्या ओल्या मातीत जाते. चारी बाजूंनी सिमेंट असलेल्या टाकीत ती चुकून आली तरी तिची वीण तिथे वाढणं अवघड. तेव्हा विटेवर चपटे कोश सापडले, तर ती जळू असली तरी तुमच्या रक्तावर टपलेली नाही.