मागं ड्रम की डिस्क? घाट उतरताना पडणारा फरक

गेल्या मे महिन्यात आम्ही पाचगणीहून वाईला उतरत होतो. गाडी दाजी चालवत होते. पसरणी घाट संपला, वाईच्या अलीकडे चहाला थांबलो आणि दार उघडताच जळक्या ब्रेकचा उग्र वास आला. दाजींचा चेहरा उतरला होता. "शेवटच्या दोन वळणांना पाय पार खाली गेला बघ. मागं ड्रम आहेत ना, त्याचाच हा प्रकार. साताऱ्याला गेल्यावर पहिलं काम, मागं डिस्क बसवून घ्यायची."

मी उतरून चारही चाकांजवळ तळहात नेला. पुढच्या चाकांची धग वीतभर अंतरावरून लागत होती. मागची चाकं नुसती कोमट. म्हणजे तापले होते ते पुढचे ब्रेक, आणि तिथं तर कंपनीपासूनच डिस्क आहे.

हा घोळ पुष्कळांचा होतो. ड्रम आणि डिस्कची तुलना करताना दोन निराळे प्रश्न आपण एकत्र करून टाकतो. ब्रेक किती जोरात धरतो हा एक, आणि धरताना झालेली उष्णता किती झेलतो हा दुसरा. पहिल्या परीक्षेत ड्रम मुळीच कमी नाही. दुसरीत मात्र तो डिस्कच्या मागं पडतो.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डब्यासारखा भाग. तो काढून आत बघितलं की दोन अर्धगोल ब्रेक शू दिसतात. त्यांच्यावर लायनर म्हणजे घासून पकड देणारा थर, वरच्या बाजूला अंगठ्याएवढा व्हील सिलिंडर, आणि दोन्ही शूंना आत खेचून धरणाऱ्या स्प्रिंगा. पेडल दाबलं की सिलिंडरचे पिस्टन शूंना बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमला आतून टेकतो. खरी करामत त्यानंतर सुरू होते. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढत नेतो आणि तो शू आणखी घट्ट रुततो. दाराखाली सारलेली पाचर दार ढकलल्यावर जास्तच आवळते, तसं. मागच्या शूचं उलटं होतं, ड्रम त्याला थोडा मागं लोटतो. दोन्हींची बेरीज केली तरी पिस्टनने शूवर जेवढा जोर दिला, त्याच्या साधारण दुप्पट ते तिप्पट घर्षण ड्रममधून निघतं.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती. तिला ही मदत नाही. कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडांनी डिस्क दोन्ही बाजूंनी चिमटतो, बस्स. इथं जोराच्या साधारण पाऊणपटच घर्षण मिळतं. म्हणून कॅलिपरला मोठा पिस्टन द्यावा लागतो. उदाहरणच घ्या: १९ मिलिमीटर व्यासाचा व्हील सिलिंडर आणि ३४ मिलिमीटर व्यासाचा कॅलिपर पिस्टन. क्षेत्रफळात तिपटीहून जास्त फरक आहे. हा आकडा लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

मग डिस्क वरचढ का ठरली? कारण ती उघड्यावर आहे, वारा तिला थेट लागतो. ड्रमची उष्णता आत कोंडते. शिवाय ड्रम तापला की त्याचा घेर फुगतो आणि तो लायनरपासून लांब जातो, म्हणून पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. डिस्क तापून थोडी जाड झाली तर ती पॅडच्याच दिशेनं सरकते. आणखी एक बारीक गोष्ट आहे. ड्रमची ती पाचरीची मदत लायनरच्या पकडीवर उभी असते. लायनर ओला झाला किंवा फार तापला, पकड थोडी सुटली, की मदतही सुटते आणि एकूण जोर एकदम घसरतो. डावा ड्रम ओला आणि उजवा कोरडा असेल तर गाडी एका अंगाला ओढते. डिस्कचं वागणं यापेक्षा पुष्कळ एकसारखं असतं.

दोन्ही कल्पना एकाच वयाच्या आहेत. १९०२ साली लुई रेनोने आजच्या धर्तीचा ड्रम आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्कचं पेटंट घेतलं. पण डिस्कचा बोलबाला झाला तो १९५३ साली, जग्वारने डनलॉपच्या डिस्क लावून फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. आपल्याकडे प्रीमियर पद्मिनी चारही चाकांना ड्रम घेऊन खंबाटकी चढली आणि उतरलीही.

आता पसरणीचा हिशेब. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत साडेपाचशे मीटरच्या वर फरक आहे. माणसं आणि सामान धरून १,२०० किलोची गाडी एवढी खाली आणायची म्हणजे सुमारे ६५ लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवायची. एवढ्यात वीस लिटर साधं पाणी उकळीला येईल. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असली तर मोठा वाटा इंजिन उचलतं. दाजी चौथ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरत होते. तो सगळा भार ब्रेकवर आला, आणि ब्रेकमध्येही पुढच्या चाकांवर.

पुढच्याच का? ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली बसतं ते सगळ्यांनी अनुभवलं आहे. हजार किलोच्या गाडीचं उभ्याउभ्या ६०० किलो वजन पुढं आणि ४०० मागं आहे असं धरू. करकचून ब्रेक दाबला की जवळपास १८० किलो पुढं सरकतं. मागं उरतात जेमतेम २२०. एवढ्या हलक्या झालेल्या चाकाला रस्त्याची पकडच कमी मिळते, मग आत ड्रम असो की डिस्क. त्यामुळं मागं डिस्क लावल्यानं गाडी कमी अंतरात थांबेल ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते. चांगल्या स्थितीतला ड्रमही त्या चाकाला लॉक करण्याइतका, म्हणजे त्याचं फिरणं थांबवण्याइतका, जोर सहज देतो.

मला खरी काळजी वाटते ती उलट्या बाजूची. मागचं चाक पुढच्याआधी लॉक झालं तर गाडीची शेपटी बाहेर येते आणि गाडी गरकन फिरते. पुढचं आधी लॉक झालं तर स्टिअरिंग काम करत नाही, पण गाडी निदान सरळ तरी जाते. म्हणून कंपन्या मागच्या ब्रेकचा जोर मुद्दाम आवरून ठेवतात. जुन्या गाड्यांत त्यासाठी प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असतो, काहींत तो मागच्या ॲक्सलला स्प्रिंगनं जोडलेला असतो आणि मागं किती वजन आहे ते पाहून दाब सोडतो. नव्या गाड्यांत हे काम एबीएस या चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेबरोबरची ईबीडी, म्हणजे ब्रेकचा जोर पुढं-मागं वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, करते. हे सगळं त्या गाडीच्या ड्रमच्या मापाला जुळवलेलं असतं. पाच सीटच्या भाराला काय आणि एकट्या ड्रायव्हरला काय, हा तोल कंपनीनं तपासून ठरवलेला असतो. गॅरेजात तो अंदाजानं जुळत नाही.

आता तो तिपटीचा आकडा. ड्रमच्या जागी कॅलिपर बसवला तर त्याचा पिस्टन मोठा, म्हणजे त्याला ब्रेक ऑइलही निराळ्या हिशेबानं लागतं. पेडल दाबल्यावर ते ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल लांब जाऊ शकतं. काही जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राखणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर नवे पॅड डिस्कला चिकटून घासत राहतील आणि घाट न उतरताही तापतील.

आणि हँडब्रेक! याच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. ड्रममध्ये तो अगदी सोपा आहे, केबल एक पट्टी ओढते आणि तेच शू ड्रमला धरतात. पाचरीची मदत असल्यानं चढावर भरलेली गाडीही थोपते. डिस्कमध्ये त्यासाठी कॅलिपरच्या आत स्क्रूची यंत्रणा लागते, किंवा डिस्कच्या मधल्या भागात एक छोटा ड्रम निराळा बसवावा लागतो. साधा पुढचा कॅलिपर मागं लावला तर हँडब्रेक गेलाच. यवतेश्वरच्या चढावर गाडी उभी करणाऱ्या सातारकराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पावसाळ्यात कोण बरं? चालत्या गाडीत डिस्क. पाणी फिरतानाच उडून जातं आणि दोन ब्रेकांत ती कोरडी होते. ड्रममध्ये शिरलेलं पाणी आणि चिखल लवकर बाहेर पडत नाही. कासकडून धुक्यापावसातून येताना हे जाणवतं. हँडब्रेक ओढून आठवडाभर भिजत ठेवलेल्या गाडीचे शू तर गंजून ड्रमलाच चिकटतात. पण मागची डिस्क फार कमी काम करते, तिच्यावरही गंजाचा थर धरतो. फोक्सवॅगनने आयडी ४ या इलेक्ट्रिक गाडीला मागं ड्रमच दिले आहेत, कारण तिथं बरंचसं थांबवण्याचं काम मोटरच करते आणि बंद ड्रम गंजापासून जपला जातो. ड्रम म्हणजे जुनाट आणि स्वस्तातलं काम, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. ब्रेक हा रचनेचा गाभाच आहे. एमएच-११ असो की एमएच-१०, नियम एकच.

तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनी मागं डिस्क देत असेल तर नवी गाडी घेताना तोच प्रकार घ्या, मी स्वतः तोच घेईन. मोठी, जड गाडी असेल आणि महाबळेश्वरच्या वाऱ्या नेहमीच्या असतील तर त्याचा उपयोग आहे. पण जुन्या बाजारातून कॅलिपर आणून बसवण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

पाय खाली का गेला हे आधी शोधायला हवं. पेडल घट्ट लागतंय पण गाडी थांबत नाही, तर पॅड किंवा लायनर तापून पकड सोडतो आहे. पेडल मऊ होऊन तळाला जातंय, तर बहुधा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० लाच. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. दाजींच्या गाडीत पाच वर्षांपूर्वीचं ऑइल होतं.

गाडी मी माझ्या ओळखीच्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी मागचे ड्रम उतरवले. डाव्या व्हील सिलिंडरचं रबर पाझरत होतं आणि लायनरच्या कडेला तेलाचा काळा ओघळ होता. शू आणि ड्रममधली फट राखणारे दोन्हीकडचे ॲडजस्टर गंजून बसले होते, त्यामुळं लायनर झिजला तरी शू पुढं सरकलेच नव्हते आणि पेडलचा निम्मा पल्ला ती फट भरण्यातच जात होता. मेस्त्री म्हणाले, "साहेब, ड्रमचा काय दोष? कुणी उघडूनच बघितला नाही." ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाशी त्यांनी माप ताडून पाहिलं, ड्रम अजून चांगले होते. व्हील सिलिंडर, लायनर आणि पुढचे पॅड नवे टाकले, ॲडजस्टर साफ करून मोकळे केले, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून डॉट ४ भरलं. बाटलीत उतरलेलं जुनं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं.

आधी हँडब्रेक नऊ दात ओढावा लागायचा. त्या संध्याकाळी दाजींनी यवतेश्वरच्या चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक पाचव्या दातावर ओढला, गिअर काढला आणि ब्रेकवरून पाय उचलला. गाडी जागची हलली नाही.