धामण ही नागाची मादी नव्हे

चोपड्याकडे केळीच्या बागेत पाणी भरताना बांधावर दोन साप दोरीसारखा पीळ घालून उभे राहिलेले दिसले, की कुणीतरी म्हणणारच, "नाग-धामणनं लगीन चाली ऱ्हायनं!" मग त्यांच्यावर नवं कापड टाकायचं आणि बरकतीसाठी पेटीत जपायचं.

अहो, लग्न कसलं, ती कुस्ती आहे. दोन्ही धामणीच, आणि दोन्ही नर. मादीसाठी एकमेकांचं डोकं खाली दाबायची ही झोंबाझोंबी. हरलेला मुकाट निघून जातो. नाग विषारी, धामण बिनविषारी, कुळंही वेगळी. नागाची मादी नागीणच असते, आणि धामणीतही नर असतात. खरं मीलन जमिनीलगत, गुपचूप होतं.

फसतात मात्र जाणकारही. सापात नर-मादी वरून ओळखणं कठीण. परदेशात बॉल पायथन नावाचे छोटे अजगर पाळणाऱ्यांची 'जोडी' कधी दोन नरांची निघते. जोडी खरी असली तरी मादी एखादं वर्ष अंडीच घालत नाही. घातली तर कधी सगळी वांझ. आपल्याकडे नाग-धामण पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हाच.

आमच्या आजीच्या पेटीत असं एक उपरणं होतं. त्याला कसर लागली.