दिसतं 'विद्यार्थी', वाचलं जातं भलतंच

"ताई, तुमची फाइल नुसतं 'एच के के जे आर' म्हणतेय. हे काय आहे?"

फोन होता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा. त्याला जन्मापासून दिसत नाही. अर्थशास्त्राच्या नोट्स मी त्याला पाठवल्या होत्या. मी फाइल उघडून पाहिली, तर पहिल्याच ओळीत छान ठसठशीत 'भारत' लिहिलेलं. 'एच'चा कुठे मागमूस नाही.

आम्ही दोघंही बरोबर होतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'भारत' टाइप केलं की संगणक साठवतो ती इंग्रजी अक्षरं: एच, के, के, जे, आर. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो, इतकंच. डोळ्यांना मुखवटा दिसतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, मुखवटा पाहतच नाही. तो आत साठवलेलं वाचतो. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तो जगातल्या कुठल्याही संगणकावर 'क'च राहतो, म्हणून युनिकोडमधलं मराठी बोलतं.

मग मी युनिकोडमधली पीडीएफ पाठवली आणि सुटले असं समजले. त्यातला 'विद्यार्थी' त्याच्याकडे 'िवद्याथीर्' होऊन पोचला. पीडीएफचा जन्म छपाईसाठी झाला. कोणता आकार कागदावर कुठे बसवायचा, हे तिला पक्कं ठाऊक असतं. आपण 'वि' म्हणताना आधी 'व' उच्चारतो, पण कागदावर वेलांटी 'व'च्या डावीकडे येते, म्हणून ती आधी साठते. रफार 'थी'च्या डोक्यावर बसतो, म्हणून तो शेवटी जातो. नीट न बनवलेल्या पीडीएफमध्ये हा छपाईचा क्रमच मजकुराचा क्रम होऊन बसतो. तपासणं सोपं आहे: दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायच्या. तिथे जे दिसेल, तेच त्या मुलाच्या कानावर पडणार.

पुस्तक स्कॅन केलेलं असेल तर आत अक्षरंच नसतात, नुसता फोटो असतो. फोटोतून अक्षरं ओळखण्याचं काम ओसीआरचं. रे कर्झवाइल यांनी १९७६ साली छापील पान वाचून दाखवणारं यंत्र लोकांपुढे आणलं. गायक स्टीव्ही वंडर त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक. पण ते इंग्रजीचं होतं, आणि इंग्रजीत छापील अक्षरं सुटी उभी असतात. आपली शिरोरेषेला टांगलेली, त्यात जोडाक्षरं एकमेकांच्या खांद्यावर. म्हणून जुने प्रोग्रॅम आधी शिरोरेषाच पुसून टाकत आणि मग तुकडे ओळखत. आता टेसरॅक्टसारखे मोफत प्रोग्रॅम न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी यंत्रणा, वापरून आख्खी ओळ एकदम वाचतात आणि बरंच बरोबर वाचतात. तरी 'घर'चं 'धर' होतं आणि 'बंद'वरचं टिंब धुळीचा कण समजून उडवलं जातं. डोळ्यांनी वाचणारा अशा चुका नकळत दुरुस्त करत पुढे जातो. ऐकणारा अडखळतो, मागे जातो, पुन्हा ऐकतो.

अक्षरं बरोबर मिळाली, तरी उच्चाराचा प्रश्न उरतोच. 'करवत' लिहिताना 'र' पूर्ण असतो, बोलताना आपण 'कर्वत' म्हणतो. यंत्राला ते शिकवावं लागतं. त्याहून अवघड म्हणजे आपले दोन 'च' आणि दोन 'ज'. 'जग फिरून आलो' आणि 'सुखाने जग' यांतले 'ज' वेगळे, पण लिपीत दोन्ही सारखे. संदर्भ कळल्याशिवाय यंत्र कुठला उच्चार निवडणार?

हा मुलगा एनव्हीडीए वापरतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली सुरू केलेला हा स्क्रीन रीडर मोफत आहे. महागड्या प्रोग्रॅमची किंमत झेपत नाही अशा घरांत त्यामुळे किती फरक पडला असेल! त्यातला आवाज मला पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा वाटतो. मी त्याला गोड आवाज सुचवला, तर तो हसला. गोड आवाज वेग वाढवला की एकमेकांत मिसळतात, हा पत्र्याचा आवाज मात्र स्वच्छ राहतो. त्याच्या वेगाला मला एक शब्द कळेना. जर्मनीत ट्युबिंगेनच्या संशोधकांना काही दृष्टिहीन लोक सेकंदाला सुमारे २२ शब्दावयवांच्या, म्हणजे 'भा-रत'सारख्या उच्चाराच्या तुकड्यांच्या, गतीचं बोलणं समजू शकतात असं आढळलं. डोळस माणसाची मजल साधारण ८ ते १० पर्यंत. आणि अशा वेळी त्यांच्या मेंदूचा जो भाग एरवी पाहण्याचं काम करतो, तोही जागा होतो.

मग ब्रेल हवी कशाला? मला हवीच वाटते, आणि कारण अस्सल मराठी आहे: ऱ्हस्व-दीर्घ. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळपास सारखे. फक्त ऐकून शिकलेल्या मुलाला वेलांटी पहिली की दुसरी, हे कळायचं कसं? बोटांना कळतं. भारतीय भाषांसाठीच्या सहा टिंबांच्या भारती ब्रेलमध्ये दोन्हींची चिन्हं वेगळी आहेत. शिवाय ती उच्चाराच्या क्रमाने चालते: आधी 'द', मग 'इ'. काना-मात्रा-वेलांटीला वेगळं चिन्ह नाही, स्वरच व्यंजनामागे येतो. मग 'सी' आणि 'सई' वेगळे कसे ओळखायचे? 'सई'मध्ये 'स' आणि 'ई' यांच्या मध्ये एक 'अ' घालतात. झालं काम.

अडचण कागदाची. ब्रेलच्या मोठ्या पानावर ४० चिन्हांच्या २५ ओळी, म्हणजे फार तर १००० चिन्हं मावतात. एका पाठ्यपुस्तकाचे कित्येक जाडजूड खंड होतात. त्यावर उपाय म्हणजे बदलती टिंबं असलेली ब्रेल पट्टी. वीज दिली की वाकणाऱ्या स्फटिकपट्ट्यांवर बारीक खिळे वर-खाली होतात आणि ओळ वाचून झाली की पुढची उमटते. पट्टीवर एका घरात बहुधा सहाऐवजी आठ टिंबं असतात. अशी ४० घरं असतील तर ३२० खिळे आणि प्रत्येकाची स्वतंत्र यंत्रणा. पट्टी महाग का, ते यातच आलं.

कायद्याने मात्र साथ दिली आहे. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ सालच्या दुरुस्तीपासून भारतात दृष्टिहीनांसाठी पुस्तकाची वाचनसुलभ प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. याच विषयावरचा माराकेश करार २०१४ साली सर्वांत आधी भारतानेच मंजूर केला.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. संख्याशास्त्राच्या धड्यात स्क्रीन रीडर 'ग्राफिक' म्हणून पुढे जात होता. सूत्रं चित्र म्हणून डकवलेली. मॅथएमएलमध्ये, म्हणजे संगणकाला कळणाऱ्या गणिताच्या खुणांत, लिहिली असती तर त्याने स्वतःच ऐकली असती. म्हटलं, मी वाचते. "क्ष अधिक दोन भागिले तीन."

"ताई, भागाकाराची रेघ क्षखालीही आहे, की नुसती दोनखाली?"

क्ष ४ धरला तर एका अर्थाने उत्तर २, दुसऱ्या अर्थाने ४ पूर्णांक २/३. मी पुन्हा पाहिलं. रेघ दोघांखाली होती. सुरुवातीपासून वाचायला घेतलं, या वेळी कंसासकट. पुढचं सूत्र तीन मजली होतं. अर्ध्यावर त्याने थांबवलं.

"थांबा. दुसरा कंस कुठे संपला?"