लुका स्बिसा

लुका स्बिसा हा स्वित्झर्लंडचा आइस हॉकीपटू, पोझिशन डिफेन्समन, म्हणजे बचावफळीतला, आणि त्यातही थेट अंगावर जाऊन खेळणारा. जन्म ३० जानेवारी १९९० चा, इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या ओझिएरी गावचा, पण लहानाचा मोठा झाला स्वित्झर्लंडच्या त्सुग भागात आणि खेळ शिकला तो तिथल्याच ईव्ही त्सुग क्लबमध्ये.

पुढे तो कॅनडात लेथब्रिज हरिकेन्सकडून ज्युनियर हॉकी खेळायला गेला आणि पहिल्याच सीझनला, २००८ मध्ये, टीम लीगच्या फायनलपर्यंत पोचली. त्याच वर्षीच्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली सर्वात मोठी आइस हॉकी लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, फिलाडेल्फिया फ्लायर्सने त्याला पहिल्या फेरीत १९व्या नंबरवर घेतलं. तेव्हा स्विस खेळाडू एनएचएलमध्ये मोजकेच होते, आणि हा पोरगा १८व्या वर्षीच फ्लायर्सच्या मेन टीममध्ये ३९ मॅच खेळून मोकळा झाला.

त्याचा खेळ समजायचा तर बॉडी चेक म्हणजे काय ते आधी बघावं लागतं. पक, म्हणजे बर्फावर खेळायची रबरी चकती, ज्याच्याकडे आहे त्यालाच खांद्याने किंवा कमरेने धक्का द्यायला परवानगी असते, पाठीमागून बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, आपटलं तर पेनल्टी. पण खरी मेख टायमिंगची आहे, कारण डिफेन्समन आपली जागा सोडून धक्का द्यायला पुढे गेला आणि समोरचा निसटला की मागे सगळं मैदान मोकळं आणि गोली, म्हणजे गोलरक्षक, एकटा. स्बिसा हा धोका आयुष्यभर पत्करत आला. त्याचे हिट जोरदार असायचे, प्रतिस्पर्धी फॉरवर्ड कोपऱ्यात पक घ्यायला जाताना दचकून असायचे, पण त्याच सवयीमुळे कधी तो जागेवर नसायचा आणि घाईत पक सरळ समोरच्याच्या स्टिकवर द्यायचा, पुढे तो व्हँकुव्हरकडून खेळला तेव्हा तिथल्या फॅन्सनी यावरून त्याच्यावर भरपूर टीका केली. काही अंशी ती बरोबर होती, पण असा खेळाडू घेतला की हे दोन्ही सोबतच येतं हे लोक विसरतात.

त्याची किंमत काय होती ते ट्रेडमधून कळतं. २००९ मध्ये अ‍ॅनाहाइमने क्रिस प्राँगर फ्लायर्सला दिला तेव्हा बदल्यात जॉफ्री लुपुल आणि ड्राफ्ट पिकांसोबत (म्हणजे पुढच्या ड्राफ्टमध्ये निवडीच्या हक्कांसोबत) स्बिसा घेतला. २०१४ मध्ये रायन केसलर अ‍ॅनाहाइमला गेला तेव्हा निक बोनिनोसोबत स्बिसा व्हँकुव्हरला आला. दोन्ही वेळा समोरच्या बाजूला मोठं नाव होतं. व्हँकुव्हरने २०१५ मध्ये त्याला तीन वर्षांचा १ कोटी ८ लाख डॉलरचा करार दिला. मधल्या काळात, २०१२ च्या लॉकआउटमध्ये, म्हणजे मालक आणि खेळाडूंच्या वादात एनएचएल बंद होती तेव्हा, तो मायदेशी लुगानोकडून खेळून आला. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये तो स्वित्झर्लंडच्या टीममध्ये होता, तिथे कॅनडाला त्यांनी शूटआउटपर्यंत (बरोबरीनंतरच्या एकेक शॉटच्या निर्णयापर्यंत) नेलं, हरले ते ३-२ ने.

२०१७ मध्ये नव्याने उभ्या राहणाऱ्या व्हेगास गोल्डन नाइट्सने एक्स्पान्शन ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी टीम जुन्या टीम्समधून खेळाडू निवडते त्यात, त्याला उचललं. दुखापतींमुळे रेग्युलर सीझनमध्ये ३० मॅचच खेळता आल्या, पण २०१८ च्या प्लेऑफमध्ये तो परत आला. विनिपेगविरुद्ध वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये, दुसऱ्या पीरियडला १-१ असताना, त्याने निळ्या रेषेजवळून शॉट मारला, रायन रीव्हजने गोलसमोर उभं राहून पकला स्टिक लावली आणि पक जाळ्यात गेला. २-१. पहिल्याच वर्षीची टीम स्टॅन्ले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, फायनलला. बचावपटूंच्या अशा असिस्टची नोंद क्वचितच कोणी लक्षात ठेवतं, ही मात्र ठेवावी अशी आहे. फायनलला व्हेगास वॉशिंग्टनकडून ४-१ ने हरलं.

त्यानंतर न्यूयॉर्क आयलंडर्सकडे थोडा काळ काढला. २०१९-२० मध्ये त्याच विनिपेगने त्याला वेव्हर्सवरून (एका टीमने सोडू केलेला खेळाडू दुसरी टीम घेऊ शकते त्या यादीतून) घेतलं, कारण त्यांच्या बचावफळीतले बरेच मोठे खेळाडू एकाच उन्हाळ्यात निघून गेले होते आणि अनुभवी, भिडणारा माणूस हवा होता. नंतर तो नॅशव्हिल प्रेडेटर्सकडे गेला.