हवामानाला आपला अंदाज ऐकू येत नाही, देशांना येतो

पुण्यात कुठल्याही अमृततुल्यात दहा मिनिटं उभे राहा, चीन अमेरिकेला कधी मागे टाकणार, एआय कुणाच्या नोकऱ्या खाणार, भांडवलशाही अजून किती वर्षं टिकणार, सगळ्याची उत्तरं मिळतात आणि तीही एकदम छातीठोक. टीव्हीवरच्या एक्स्पर्ट लोकांचं रेकॉर्डही काही भारी नाहीये. फिलिप टेटलॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २८४ तज्ज्ञांकडून बरीच वर्षं अंदाज लिहून घेतले, प्रत्यक्षात काय झालं त्याच्याशी ताडून बघितले, आणि २००५ ला छापलं की लांबच्या अंदाजात बहुतेकांपेक्षा "आहे तेच चालू राहील" म्हणणारा बरा. त्यातही जो जास्त फेमस तो जास्त चुकलेला! ऐंशीच्या दशकात जपान जग विकत घेणार अशी हवा होती, १९८९ च्या डिसेंबरात निक्केई, म्हणजे जपानी शेअर बाजाराचा निर्देशांक, ३८,९१५ वर गेला आणि मग असा आपटला की तिथे परत पोचायला २०२४ उजाडलं.

आता शिवाजीनगरच्या हवामान खात्याला आपण कायम नावं ठेवतो, पण एका बाबतीत त्यांचं बरंय, मान्सून त्यांचा अंदाज ऐकून मुद्दाम उलटा वागत नाही. देश वागतात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, अणुबॉम्ब-क्षेपणास्त्रांसाठी वापराल म्हणून. मशीन नाही म्हणजे हे मागे राहणार असा सरळ हिशोब. मग १९८८ ला पुण्यात सी-डॅक हे सरकारी संगणक संशोधन केंद्र सुरू झालं, आणि विजय भटकरांच्या टीमने १९९१ ला परम ८००० हा आपला सुपरकॉम्प्युटर उभा केला. एकच सुपरफास्ट प्रोसेसर बनवण्याच्या भानगडीत न पडता ट्रान्सप्युटर नावाच्या तयार चिप्स एकमेकींना जोडल्या आणि काम वाटून दिलं.

पण म्हणून प्रत्येक नकार उलटतोच असंही नाही. सगळ्यात पुढारलेल्या चिप्स छापायला लागणारं ईयूव्ही (एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाचं) मशीन नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी विकते आणि चीनला ते मिळत नाही. त्यात वितळलेल्या कथलाचे सेकंदाला ५०,००० थेंब पडतात, प्रत्येक थेंबावर लेसर दोनदा मारतात, पहिल्या फटक्यात थेंब चपटा होतो, दुसऱ्यात त्याचा प्लाझ्मा, म्हणजे प्रचंड तापलेला विद्युतभारित वायू, होऊन १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो, आणि हा प्रकाश साधी हवासुद्धा शोषून घेते म्हणून सगळं निर्वातात चालवावं लागतं. आरसे जर्मनीच्या झाईसचे, लेसरही जर्मन. नुसता पैसा ओतून हे दोन-चार वर्षांत जमणारं काम नाही.

त्यामुळे "महासत्ता कोण" यापेक्षा "अमुक मशीन अमुक सालापर्यंत कोण चालवेल" हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो, त्याला निदान तारीख आणि टक्के लावता येतात. चीन २०३५ च्या आत स्वतःच्या ईयूव्ही मशीनवर कारखान्यात चिप्स काढेल याला मी ६० टक्के देतो. तुम्ही किती देता ते आत्ताच तारीख टाकून लिहून ठेवा, नंतर "मी म्हणलंच होतं" चालणार नाही.